तांबीची चंदी आणि बाबांचं पथ्य

त्या वर्षी आमच्या घरात रोज तीन स्वयंपाक होत. एक मायचा आणि माझा, एक बाबांचा आणि एक तांबीचा. तांबी म्हणजे आमची घोडी. चूल एकच आणि चुलीपुढं बसणारी बाईही एकच, त्यामुळं चौथीनंतर माझी शाळा थांबली. कोणी थांबवली असं नाही. एका सकाळी तांबीचे भिजवलेले हरभरे निथळायचे राहिले होते, ते निथळायला मी बसले, आणि मग रोजच बसत गेले. माझ्या दोघी मोठ्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात मायच्या हाताखाली मीच उरले होते, बारा-तेरा वर्षांची. त्या दिवसांची आठवण काढली की मला पहिल्यांदा कोणाचा चेहरा आठवत नाही, थकवा आठवतो. माय उठायची ती थकलेली, बाबा टांगा जुंपायचे ते थकलेले, आणि खालच्या आळीतल्या जिनाचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा झाला की मलाही वाटायचं, दिवस सुरू होण्याआधीच आपण दमलो आहोत.

बाबांचा टांगा खामगावच्या स्टेशनावर लागायचा. जलंबहून गाडी आली की कापसाचे दलाल, कचेरीत नागपूरचे कागद घेऊन येणारे कारकून, माहेरवाशिणी, आजारी माणसं, सगळ्यांना गावात आणून सोडायचं आणि परत न्यायचं. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की गावात बैलगाड्यांची रांग लागे, हवेत रुईचे पुंजके उडत, आणि संध्याकाळी तांबी घरी आली की तिच्या आयाळीत म्हातारीसारखा पांढरा कापूस अडकलेला असे. तो मी बोटांनी काढायची. ती अंगानं लहान, रंगानं तांब्याच्या घागरीसारखी, स्वभावानं शांत. तिला कोणी चाबूक मारलेला मी पाहिला नाही. बाबा जिभेनं टक् असा आवाज काढत, की ती निघे.

तिचं खाणं ही आमच्या घरातली सगळ्यात नेमाची गोष्ट होती. घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. सकाळी दीड शेर आणि संध्याकाळी दीड शेर हरभरे भिजवून, त्यात गव्हाचा कोंडा, खडेमीठ आणि हंगामाच्या दिवसांत लिंबाएवढा गूळ. दुपारची चंदी सकाळच्यातूनच थोडी काढून तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, भरून बाबांबरोबर द्यायची. शिवाय ज्वारीचा कडबा विळ्यावर बोटभर कापायचा, हरळीचं गवत झटकून धूळ काढायची आणि वरून पाण्याचा हात मारायचा. बाबांनी मला हे सगळं शिकवलं ते न रागावता, एकदाच. म्हणाले, "आंधी पानी, मंग चंदी. चंदी खाल्ल्यावर घटाघटा पानी पाजलं तं पोट धरते. अन् घामेजून आली तं थांबाचं. आंग कोरडं होऊ देजो, मंगच दाना." ज्या दिवशी टांगा उभा असेल त्या दिवशी चंदी निम्मी. काम नसलेल्या घोड्याला भरपेट दाणा दिला की त्याचे पाय भरतात, खुरं गरम होतात, असं ते सांगत. घोड्याचं पोट त्याच्या कामाएवढंच ठेवायचं.

स्वतःच्या पोटाला मात्र बाबांनी कधी माप लावलं नव्हतं. चार भाकरी, वर वाटीभर तेल घातलेली चटणी, आणि शेवटी गुळाचा खडा असं त्यांचं जेवण. पोळ्याला पुरणाच्या पोळ्या ते मोजत नसत, मायही मोजत नसे. त्या पावसाळ्यात मात्र ते खाऊन खाऊन वाळत चालले. तहान इतकी की तांबीच्या बादलीतलं पाणीही पिऊन टाकतील. मोरीपाशी मुंग्यांची रांग लागलेली मायनं पाहिली, दोन दिवस ती काही बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बाबांना दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले होते. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात बाबांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी बघता बघता विटेसारखं लाल झालं. मला ते फार सुंदर वाटलं होतं, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

"किसनराव, लघवीत साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "या रोगाला द्यावं असं औषध माझ्याकडं नाही. जेवण हेच औषध. गूळ, साखर, भात, रताळं बंद. भाकरी अर्धी. तेलतूप नावाला."

"मंग उपाशी ऱ्हाचं काय?" बाबांनी विचारलं.

"उपाशी नाही. पोट भरून खा, पण भाज्याच खा. पाला खा."

परत येताना बाबा टांग्यावर मायला म्हणाले, "डॉक्टरनं घोडा करून टाकलं मले. पाला खा म्हंते." माय म्हणाली, "घोड्याले तरी चंदी भेटते." दोघंही थोडं हसले. त्या पावसाळ्यात ते दोघं एकत्र हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

मायचं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. कोणता पाला खायचा आणि कोणता नाही हे तिला शिकवावं लागलं नाही. पावसाळा होता तोवर तरोट्याची कोवळी पानं, कटुर्ली, बांधावरची घोळ. पुढं अंबाडी, मुळ्याचा पाला, मेथी, चाकवत. दोडका, पडवळ आणि कारलं तर रोजचंच. अर्धी भाकरी तव्यावर वेगळी भाजायची, नाहीतर ज्वारीच्या मूठभर कण्या पातळ शिजवून त्यात ताक. मुगाचं वरण इतकं पातळ की ताटात आपला चेहरा दिसावा. फोडणीला तेलाचा थेंब, तोही बोटानं पुसलेला. पाला निवडता निवडता मायची नखं काळी पडली होती. भाजीचं ढीगभर पान शिजून वाटीभर होतं, म्हणून तिला चार माणसांची भाजी एका माणसासाठी निवडावी लागे. शेजारणी म्हणत, किसनभाऊची बायको नवऱ्याला गवत घालते. माय त्यांना उत्तर देत नसे. तिच्यात तेवढी ताकद उरत नसे.

आज माझी सून मला सकाळी वाटीत काहीतरी पांढरं शिजवून देते. वजन कमी राहतं, साखर वाढत नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे, असं म्हणते. पाकिटावर नाव आहे ओट्स. मी पहिल्यांदा वास घेतला आणि वाटी जवळ ओढली. हा दाणा पलटणीतल्या घोड्यांना घालत, असं मी लहानपणी ऐकलं होतं. तिला मी ते सांगितलं नाही. ती प्रेमानं देते, मी खाते. बिनसाखरेचं, बिनतेलाचं खाणं कोणी आपल्यासाठी रांधतं तेव्हा त्याच्या हाताला काय लागतं, ते मी पाहिलेलं आहे.

त्या खाण्यानं बाबांची तहान कमी झाली, मुंग्या गेल्या. पण त्यांची भूक गेली नाही, आणि ती गेली नाही हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पाटावर बसत, समोर ठेवलेलं सगळं निमूट खात, ताट धुतल्यासारखं स्वच्छ करत आणि उठत. उठताना भिंतीला हात टेकत. माय त्यांच्या तोंडाकडं पाहत असे, आज काही म्हणतात का म्हणून. ते म्हणत, "झालं. बरं झालं." आणि खरारा घेऊन तांबीकडं जात. अंगणाच्या कडेला छपरात तिची जागा होती. लोखंडी दात्यांचा खरारा तिच्या अंगावरून फिरायचा त्याचा खर्र खर्र असा सावकाश आवाज घरात ऐकू येई. त्या आवाजावरून मला बाबांचा थकवा मोजता यायचा.

हंगाम ऐन भरात आला तेव्हा तांबीचा गूळ मडक्यातून भराभर कमी होऊ लागला. मायनं दोनदा विचारलं, मी म्हटलं ठाऊक नाही. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. चुलीपुढं वाकून मी भाजी ढवळत होते. मागून तिनं लोखंडी फुंकणी माझ्या पाठीत घातली. एकदाच, पण सगळ्या दिवसाचा जीव त्यात ओतून. "घरात मानूस गुळावाचून मरून राह्यलं, अन् तुह्यानं दम निघत नाई," ती म्हणाली. मला रडू आलं नाही, श्वासच आला नाही. बाहेर खरारा चालला होता. तो थांबला. मी वाट पाहिली. थोड्या वेळानं खर्र खर्र पुन्हा सुरू झालं.

तीन-चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, माय नदीवर धुणं घेऊन गेली होती. बाबा त्या दिवशी तोबरा विसरून गेले होते आणि मधूनच घरी परत आले होते, हे मला माहीत नव्हतं. टांगा दारात उभा पाहून मी तांबीला पाणी द्यायला बादली घेऊन गेले. छपरात, कडब्याच्या पेंड्यांच्या आड, बाबा उकिडवे बसले होते. तोबरा मांडीवर होता. ते ओंजळीनं भिजलेले हरभरे तोंडात कोंबत होते आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा होता. घाईघाईनं, खाली मान घालून, कोंड्यासकट. हनुवटीला कोंडा चिकटला होता. मी तिथंच उभी राहिले. बादलीच्या कडीचा आवाज झाला असावा. त्यांनी वर पाहिलं.

मला वाटलं ते रागावतील. ते रागावले नाहीत. तोंडातलं चावणं थांबवून माझ्याकडं पाहत राहिले, आणि मग जे तोंडात होतं ते गिळलं. म्हणाले, "गोदे, तुह्या मायले सांगू नोको."

मी म्हटलं, "हाव."

मग तांबीला पाणी पाजलं. बाबांनी उरलेला तोबरा तिच्या तोंडाला बांधला. तो इतका हलका होता की तिनं दोनदा मान झटकली, खाली काही आहे का ते पाहायला. बाबा टांग्यावर बसले आणि निघून गेले. खरारा का थांबला होता ते मला तेव्हा कळलं. माझ्या पाठीवरचा वळ अजून निळा होता. मला मारताना त्यांनी ऐकलं होतं आणि ते आत आले नव्हते. त्या वयात मला याचा राग यायला हवा होता. पण आला तो राग नव्हता. मला फक्त वाटलं, आता हेही आपल्यालाच धरून ठेवायचं आहे.

आणि मी धरून ठेवलं. पुढचा महिना-दीड महिना मी चंदी करायची ती दोघांची करायची. हे मी कोणाशी बोलले नाही, बाबांशीही नाही. सकाळ-संध्याकाळच्या चंदीतलेही हरभरे काढून बाबांसाठी तोबऱ्यात घालायची आणि त्या जागी कोंडा वाढवायची म्हणजे माप भरलेलं दिसे. गुळाचा खडा लहान करायची म्हणजे मडकं हळू उतरे. मायनं पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं, मारानं मी सुधारले. स्टेशनावर बाबा तोबरा मांडीवर घेऊन खडे निवडायच्या निमित्तानं बसत, हे मला नंतर कळलं. भरल्या पोटानं ते जरा हसत, मला टांग्यावर कोपऱ्यापर्यंत नेत, आणि मी ते हसू पाहून मनाशी म्हणे, बरं झालं. पण त्यांच्या पायाच्या पोटरीवरची एक जुनी खरूज पुन्हा ओली झाली होती. तहानही परत आली होती. आणि तांबीच्या बरगड्या दिसू लागल्या. हंगामाचं ओझं, दिवसाला पाच-पाच फेऱ्या आणि पोटात नुसतं कुटार, म्हणजे भुसा. तिच्या पाठीवरून हात फिरवला की कण्याची हाडं बोटांना लागत. तिची आयाळ निवडताना मी तिच्या डोळ्यांकडं पाहत नसे. जनावर सांगू शकत नाही, याचा मी फायदा घेत होते. वयाची ऐंशी वर्षं उलटल्यावर निदान एवढं तरी स्वच्छ लिहावं.

पौषातल्या एका सकाळी, गाडीवरचं गिऱ्हाईक घेऊन येताना, नाल्याकडच्या उतारावर तांबी बसली. घसरली नाही, अडखळली नाही, लोकांनी सांगितलं की ती चालता चालता पुढच्या पायांवर खाली बसली, जणू तिला पुढं जायचंच नव्हतं. टांगा कलला. आत एक म्हातारा आणि त्याची सून होती, ती दोघं धुळीत पडली, पण त्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बाबा मात्र उडी मारून तिला सावरायला गेले आणि कललेल्या टांग्याचं चाक त्यांच्या डाव्या पायाच्या बोटांवर आलं. चार माणसांनी त्यांना घरी आणलं. मागून कोणीतरी तांबीला धरून आणलं. तिचे दोन्ही गुडघे सोलले होते. दोघांना एकाच वेळी अंगणात पाहून माय दारातच उभी राहिली, पुढं कोणाकडं जावं हे तिला कळेना.

बाबांचा पाय दवाखान्यात बांधून आणला आणि त्यांना अंगणात उन्हात बाजेवर निजवलं. दुसऱ्या दिवशी रहमतचाचा आले. ते सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य. तरुणपणी पलटणीत घोड्यांच्या दिमतीला होते, आता गावातल्या टांगेवाल्यांची घोडी बघत. वाकलेले, पांढऱ्या दाढीचे, फार हळू बोलणारे. त्यांनी तांबीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, बरगड्यांवरून हात फिरवला, मग खाली बसून तिची ताजी लीद हातात घेऊन फोडली. फोडून बराच वेळ पाहत राहिले.

"गुडघ्याचं काई नाई, किसनभाऊ," ते म्हणाले. "हळद-तेल लावा, भरून येते. मगर ही घोडी भुकी हाय."

"भुकी?" माय म्हणाली. "चाचा, तीन शेर हरभरे भिजोतो आमी रोज. माह्या घरात मानसाले माप हाय, हिले नाई."

"भिजोत असान, बाई. हिच्या पोटात नाई जात. लीदीत हरभऱ्याचं टरफल नावाले हाय. निस्तं कुटार हाय." त्यांनी हात झटकले. "दाना कोन देते हिले?"

माय माझ्याकडं वळली. "गोदी देते."

मी चुलीसाठी आणलेल्या काटक्यांकडं पाहत होते.

"गोदे," माय म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. तो रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं. "कोनाले देतं तू हरभरे?"

"कोनाले नाई."

"मंग कुठी जाते?"

माय एक पाऊल पुढं आली. तिनं हात उचलला नव्हता, पण मी मान खाली घालून पाठ आवळली. ते बाबांनी बाजेवरून पाहिलं असावं.

"तिले काई म्हनू नोको," बाबा म्हणाले. "म्या खाल्लं."

"काय खाल्लं?"

"चंदी. हरभरे बी, गूळ बी. दिवाळीपासून खाऊन राह्यलो." ते थांबले. मग छपराकडं पाहत म्हणाले, "गुळासाठी तुनं हिले फुंकणीनं मारलं ना, तवा मी तिथी खरारा करत होतो. आइकून राह्यलो होतो मी."

रहमतचाचा उठले. "मी पानी पाजून आनतो हिले," एवढंच म्हणाले आणि लंगडणाऱ्या तांबीला घेऊन फाटकाबाहेर गेले. फाटक त्यांनी ओढून घेतलं. एवढं अदबीनं बाहेर पडणारं माणूस मी पुढं फारसं पाहिलं नाही.

माय धुण्याच्या दगडावर बसली. पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिनं सावरला नाही. मग म्हणाली, "भूक लागते म्हनून सांगाचं तं होतं."

"कसं सांगू?" बाबा म्हणाले. "तू सकाळपासून पाला निवडत बसते. ताट वाढते अन् माह्या तोंडाकडं पाह्यते. तिथी कसं सांगू, का यानं माहं पोट नाई भरत म्हनून?"

"मी काऊन पाह्यत होती मंग? तुमी सांगान म्हनूनच पाह्यत होती ना."

मग ती उठली, आत गेली आणि गुळाचं मडकं घेऊन आली. ते तिनं बाजेवर बाबांच्या हाताशी ठेवलं. "खा," म्हणाली. "लपून नोको खाऊ. माह्या डोयापुढं खा. मी काई म्हनत नाई." ती चिडून बोलत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिच्यात नको म्हणायचं बळच राहिलं नव्हतं. बाबांनी मडक्याच्या काठावर हात ठेवला. मी त्यांची बोटं पाहत होते. ती आत गेली आणि रिकामी बाहेर आली. "ने," ते म्हणाले. माय जागची हलली नाही, म्हणून मडकं मी उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर आले तेव्हा बाबा भिंतीकडं तोंड करून निजले होते आणि माय त्यांच्या पायाच्या पट्टीवर बसणाऱ्या माश्या पदरानं हाकत होती.

बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. जखम भरायला होळी उजाडली. त्या दिवसांत माय एकटी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांपुढं उभी राहून तिनं विचारलं, की या माणसाला इतकी भूक लागते तिचं काय करू? डॉक्टर म्हणाले, दोन वेळचं पाच वेळा करा. मधे ताक द्या, काकडी द्या, मुगाचं कढण द्या, आणि चावायला मूठभर भाजलेले फुटाणे द्या, त्यानं काही बिघडत नाही. माय घरी येऊन हे सांगू लागली आणि फुटाण्यांपाशी थांबली. बाबांनी डोळ्यांवर हात घेतला. हरभरे चालत होते. आधी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मायनं बाबांचा वेगळा स्वयंपाक बंद केला. "आता सगळ्याईचं एकच," म्हणाली, आणि तिघांच्या ताटात तोच पाला, त्याच कण्या, तेच बिनतेलाचं वरण आलं. मला ते पहिले आठ दिवस गिळवत नसे. पण एक स्वयंपाक कमी झाला आणि मायला दुपारी थोडं लवंडता येऊ लागलं. तांबीला एकदम पूर्ण चंदी द्यायची नाही, उपाशी जनावराचं आतडं सोसत नाही, असं रहमतचाचांनी बजावलं होतं. पाव शेरापासून सुरू करून, दर चार दिवसांनी मूठमूठ वाढवत, मी तिला मापावर आणली. ती चंदी आता बाजेजवळ, बाबांच्या समोर भिजवली जाई. ते कधी त्यात हात घालत नसत, आणि त्यांच्यावर कोणी नजर ठेवते आहे असं त्यांना वाटू नये म्हणून मी मुद्दाम पाठ करून बसे. तांबी जुंपण्याजोगी झाली तेव्हा रहमतचाचांचा पुतण्या काही महिने टांगा चालवत होता. पुढं बाबा पुन्हा बसू लागले, जुन्या चपलेत चिंध्या कोंबून. त्यानंतर ते सात वर्षं होते. त्या दिवसाविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्यात अबोला नव्हता, उलट आमचं जरा जास्तच जमायचं. पण ती एक गोष्ट आम्ही दोघांनी जिथल्या तिथं राहू दिली.

माय मात्र बोलली. चैत्राचं ऊन तापलं होतं. जिनं बंद झाली होती, गाव एकदम मुकं वाटत होतं. छपराच्या सावलीत आम्ही दोघी चिवळीची भाजी निवडत बसलो होतो. ही भाजी जमिनीला चिकटून वाढते, बारीक पानांची, आणि तिच्या मुळांत इतकी माती असते की निवडता निवडता जीव मेटाकुटीला येतो.

"गोदे," माय म्हणाली, "त्या दिवशी फुंकणी लय लागली होती काय?"

मी नाही म्हणणार होते. जिभेवर तेच आलं होतं. गेलं सगळं वर्ष त्या घरात आम्ही एकमेकांना नाही, काही नाही, बरं आहे, असंच म्हणत आलो होतो.

"हाव," मी म्हटलं. "लय लागली होती."

मायनं मान हलवली. हातातली जुडी खाली ठेवली. "सर इकडं," म्हणाली. मी सरकले. तिनं माझ्या झग्याचं मागचं बटण काढून कापड बाजूला केलं आणि पाहिलं. तिथं आता काहीच नव्हतं, इतके महिने झाले होते. तिनं तरी तळहात तिथं टेकवला. हात खरखरीत होता, ओला होता, आणि त्याला भाजीची माती होती. मी हलले नाही, आणि तिनंही बराच वेळ हात काढला नाही.